गेटिसबर्गला बंदुकीचा खरा पल्ला किती होता? (टेबलावरच्या लढाईत भांडण झालंय)

रिकामटेकडा_कोथरूड:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे जुन्या हत्यारांतले जाणकार आहेत म्हणून टाकतोय. आमचा कोथरूडमधे एक छोटा ग्रुप आहे, रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमून जेवणाच्या टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडतो आणि जुन्या लढाया खेळतो, फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं वगैरे. (सगळे नोकरीवाले आहेत, घरचे काय म्हणतात ते कृपया विचारू नये.)

सध्या गेटिसबर्ग लावलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेतल्या यादवी युद्धातली सगळ्यात मोठी लढाई, १ ते ३ जुलै १८६३, पेन्सिल्व्हेनियात. उत्तरेचा सेनापती मीड, त्याला सूत्रं हातात घेऊन जेमतेम तीन दिवस झालेले, आणि दक्षिणेचा ली, जो मे महिन्यातच चॅन्सलर्सव्हिलला जिंकून थेट उत्तरेत घुसला होता. आम्ही तिसरा दिवस खेळतोय, म्हणजे दक्षिणेच्या पिकेटचा हल्ला, साधारण साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून पाऊण मैल चालत गेली तो.

तर भांडण असं की एक मित्र म्हणतो दोन्हीकडे रायफली होत्या, मिनिए गोळी आलेली होती, ५०० यार्डांवरचा माणूस टिपता यायचा, त्यामुळे नियमात बंदुकीचा पल्ला ५०० यार्ड धरायचा. तसं धरून खेळलो तर हल्ला अर्ध्या वाटेत खलास, एकही बाहुली रस्त्याच्या कुंपणापर्यंत पोचत नाही. पण खऱ्या लढाईत ती माणसं दगडी गडग्यापर्यंत गेली आणि थोडी तर पलीकडेही उतरली. मग गणित कुठे गंडतंय? आणि एवढ्या लांबचं मारणारी बंदूक समोर असताना खांद्याला खांदा लावून रांगेत का चालायचे हे लोक, वेडे होते का? गॅटलिंग गन होती का तिथे? दुसरा मित्र ती टेबलावर आणायचीच म्हणून हट्टाला पेटलाय. "गुगल कर" असं सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

तोफखानेवाला:

भांडण चांगल्या विषयावर आहे. माझी नोकरीची सगळी वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कामात गेली त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी बंदूक. उत्तरेकडे मुख्यतः स्प्रिंगफील्ड मॉडेल १८६१, नळीचा व्यास ०.५८ इंच, दक्षिणेकडे इंग्लंडहून नाकेबंदी चुकवून आणलेली एनफील्ड १८५३, व्यास ०.५७७. एनफील्ड तशी दोघांनीही घेतली, पूर्ण युद्धात मिळून नऊ लाखांच्या आसपास. व्यास इतका जवळचा की एकीचं काडतूस दुसरीत चालून जायचं. दोन्ही ठासणीच्या बंदुका. नळीत आटे आहेत, पण भरायची तोंडाकडूनच.

आता ती भरायची कशी ते बघ. काडतूस कागदाचं, दहाचा पुडा, पुड्यात बारा टोप्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या स्फोटक वाट्या (दोन जास्तीच्या, कारण धांदलीत टोपी हातातून पडतेच). पेटीतून काडतूस काढायचं, शेपूट दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी अंगठ्याने तोंडाशी बसवायची, गज उपसायचा, ठासायचं, गज परत जागेवर सारायचा, बंदूक वर घ्यायची, घोडा अर्धा ओढायचा, जुनी टोपी काढून नवी बसवायची, घोडा पूर्ण ओढायचा, मग नेम, मग चाप. पुढचे दात नसले तर पायदळात घ्यायचे नाहीत ते यासाठी. कवायतीच्या मैदानावर हे मिनिटाला तीन वेळा जमतं. तीस-चाळीस बार झाल्यावर, ओठ काळे पडलेत, तोंडाला कोरड, नळीत काजळी बसल्यामुळे गोळी खाली जात नाही, शेजारचा पडलाय, तेव्हा मिनिटाला एक झाला तरी खूप.

मिनिए गोळीची करामत एवढीच की बूड पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक, त्यामुळे पटकन आत जाते, आणि बार झाला की वायूच्या दाबाने बुडाची कडा फुगून आट्यांत रुतते, गोळी गरगर फिरत बाहेर पडते, सरळ जाते. आधीच्या रायफलीत गोळी हातोडीने ठोकत आत न्यावी लागायची, म्हणून रायफल ठरावीक लोकांपुरती होती. मिनिए आली आणि साध्या शिपायाच्या हातात रायफल आली. इथपर्यंत तुझ्या मित्राचं सगळं बरोबर.

गंडतं ते पुढे. गोळीचा वेग सेकंदाला जेमतेम २९० मीटर, आजच्या रायफलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि गोळी केवढी, तर बत्तीस ग्रॅम शिसं. म्हणजे ती लगेच खाली यायला लागते. बागेत पाइपने लांबच्या कुंडीला पाणी मारताना धार वर धरावी लागते ना, अगदी तसं. मागची साइट ३०० यार्डांवर लावून कमरेवर नेम धरला तर मधल्या टप्प्यात गोळी माणसाच्या डोक्यावरून जाते. म्हणजे समोरची रांग नक्की किती लांब आहे ते डोळ्याने अचूक ओळखता आलं पाहिजे, आणि रांग चालत असेल तर दर अर्ध्या मिनिटाला साइट बदलली पाहिजे. आता हे शिपाई कोण, तर शेतकरी, कारकून, सुतार, बऱ्याच जणांनी लढाईआधी निशाणावर मोजकेच बार टाकलेले. इंग्लंडात हाइथला बंदूक शिकवायची खास शाळा होती, तिथे अंतर ओळखण्याचंच वेगळं शिक्षण द्यायचे. अमेरिकेतल्या लाखो स्वयंसेवकांना ते कोण देणार? अधिकारी ओरडून ओरडून सांगायचे खाली मारा, खाली मारा.

आणि धूर. काळ्या दारूचा धूर पांढरा आणि दाट असतो, वारा नसेल तर दोन-तीन फैरींत समोरचं काही दिसत नाही, धुराखाली पाय दिसले तर पायांवर मारायचे. त्यामुळे खऱ्याखुऱ्या गोळीबाराचं अंतर बहुतेक वेळा शंभर-दीडशे यार्ड, कधी दोनशे. पल्ला बंदुकीत होता, शिपायाच्या डोळ्यात नव्हता. तुमच्या नियमात ५०० धरू नका, २०० धरा, आणि पहिली फैर सोडली तर बाकीच्या फैरींना फाशात वजावट द्या.

रांगेचं म्हणाल तर वेडे अजिबात नव्हते. मिनिटाला दोन बार टाकणारा एकटा माणूस काय करणार, पाचशे माणसं शेजारीशेजारी उभी केली तरच मारा दाट होतो. ठासणीची बंदूक आडवं पडून भरणं म्हणजे कसरत. आणि धुरात, आवाजात हुकूम पोचवायचा कसा, निशाण आणि ढोल एवढंच साधन. माणसं पांगली की हातातून गेली. तरी टेहळे पुढे विखरून पाठवायचेच आणि झाडा-दगडांचा आडोसाही घ्यायचे. कल्प्स हिलवर ग्रीन नावाचा जनरल होता, मूळचा इंजिनिअर, त्याने ओंडके आणि मातीचे बांध घालून घेतले आणि २ तारखेच्या रात्री एकट्या ब्रिगेडने दक्षिणेचं आख्खं डिव्हिजन अडवलं. त्या टेकडीबद्दल कुणी बोलत नाही, सगळ्यांना लिटल राउंड टॉप या दुसऱ्या टेकडीवरची संगिनींची धावच आवडते.

सोनल_सहकारनगर:

काका मस्त लिहिलंय, पण दोन शंका. पहिली, ही एनफील्ड १८५३ म्हणजे आपल्या १८५७ वाली तीच का, काडतुसांवरून उठाव झाला ती? आणि दुसरी, पल्ला शंभर-दीडशे आणि नेमही धड नाही म्हणताय तर मग ५१ हजार माणसं कशी काय मेली तीन दिवसांत?

तोफखानेवाला:

सोनल, हो तीच. मंगल पांडेचं प्रकरण मार्च १८५७ चं, मीरत मे महिन्यातलं, आणि सहा वर्षांत त्याच नमुन्याची बंदूक पेन्सिल्व्हेनियात. फरक काडतुसात आहे. इंग्रजी काडतुसात गोळी कागदासकट नळीत जायची आणि कागदाला बाहेरून चरबी लावलेली, दातांनी तोडायचं म्हटल्यावर ती कशाची यावरून भडका उडाला. अमेरिकन पद्धतीत कागद फाडून टाकायचा आणि गोळी मोकळी घालायची, वंगण गोळीच्याच खाचांत. दात मात्र तिकडेही लावायचेच. उठावानंतर इंग्रजांनी काय केलं माहितीये का, हिंदी शिपायांना दिसायला एनफील्डसारखीच पण नळी गुळगुळीत, आटे नसलेली बंदूक दिली. म्हणजे १८६३ साली ओहायोतल्या शेतकऱ्याच्या हातात जे होतं ते इथल्या पलटणीला मिळणार नाही याची काळजी घेतलेली.

दुसरं, ५१ हजार मेले नाहीत. तो आकडा मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता असा सगळा मिळून आहे, दोन्ही बाजूंचा. जागच्या जागी मेलेले सात-आठ हजार, जखमांनी नंतर गेलेले वेगळे. आणि दीड लाखाहून जास्त माणसं समोरासमोर, प्रत्येकाच्या पेटीत चाळीस काडतुसं. नेम नसला तरी लाखो गोळ्या सुटल्यावर काही तरी लागणारच ना.

पेठेतला:

पानिपताचं मोजून झालं वाटतं सगळं, आता पुण्यात बसून पेन्सिल्व्हेनियातल्या कुंपणांची लांबी मोजायची. चालू द्या.

तोफखानेवाला:

पेठेतले, पेन्सिल्व्हेनिया तुम्हाला वाटतं तितकं लांब नाही. तोफेच्या दारूत तीन चतुर्थांश भाग सोरा असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. अमेरिकेत सोऱ्याचा साठा नव्हता. १८६१ च्या शेवटी उत्तरेने दारू बनवणाऱ्या ड्यूपाँटच्या घरातला एक तरुण, लॅमॉट ड्यूपाँट, गुपचूप लंडनला पाठवला आणि मिळेल तेवढा सोरा विकत घ्यायला सांगितलं. त्याने दोन हजार टनांच्या वर उचलला. तो सगळा आपल्याकडचा, मुख्यतः बिहारचा, नोनिया लोकांनी मातीतून काढलेला. तेवढ्यात इंग्लंड आणि उत्तरेचं दक्षिणेच्या दोन वकिलांना (म्हणजे राजदूतांना) ब्रिटिश जहाजावरून पकडण्यावरून वाजलं आणि इंग्रज सरकारने माल बंदरातच अडवला. शेवटी लिंकनने वकील सोडले मग सोरा सुटला. म्हणजे दोन वकिलांपायी उत्तरेच्या तोफा गप्प बसायची वेळ आली असती. दक्षिणेला तेही मिळणार नव्हतं, त्यांनी गुहांतली माती खरवडून सोरा काढला आणि जॉर्जियात ऑगस्टाला रेन्स नावाच्या अधिकाऱ्याने दारूचा कारखाना उभा केला, तो मात्र उत्तम चालला हो. दक्षिणेला दारू कमी पडली नाही, बाकी सगळं कमी पडलं.

आणि कापूस तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा धुमाकूळ झाला आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. बोरघाटातून रेल्वे वर आली तीही १८६३ सालीच.

पेठेतला:

सोऱ्याचं माहीत नव्हतं. वाचतोय.

हाडवैद्य:

धागा दिसला म्हणून लॉगिन केलं. मी हाडांचा डॉक्टर, आणि मिनिए गोळीच्या जखमा हा आमच्या क्षेत्राच्या इतिहासातला मोठा धडा आहे, त्यामुळे थोडी भर.

आजची गोळी बारीक, वेगवान आणि वरून कडक धातूचं आवरण असलेली. ही त्याच्या उलट, मऊ शिसं, जड, सावकाश. हाडाला लागली की चपटी होते, आणि हाड मोडत नाही तर त्याचा चुरा होतो, वरखाली काही इंच नुसत्या कपच्या. सोबत गणवेशाच्या चिंध्या, माती, सगळं आत जातं. लिस्टरचं जंतूंबद्दलचं काम प्रसिद्ध झालं १८६७ ला, म्हणजे इथे सर्जन बोटं घालून गोळी शोधतोय आणि तीच बोटं पुढच्या जखमेत. अशा वेळी मांडीचं किंवा दंडाचं हाड चुरलं असेल तर अवयव कापणं हाच शहाणपणाचा उपाय होता, आणि लवकर कापला तर माणूस वाचायची शक्यता जास्त. सिनेमात दाखवतात तसं शुद्धीत कापायचे नाहीत बरं का, क्लोरोफॉर्म आणि इथर भरपूर वापरलं गेलं. उत्तरेकडच्या नोंदींत पूर्ण युद्धात तीस हजारांच्या आसपास अवयव कापल्याची नोंद आहे, त्यातले साधारण चारातले तीन जगले. त्या काळासाठी हे वाईट नाही.

इस्पितळातल्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून जास्त जखमा गोळीच्या आहेत, तोफेच्या पाच-सहा टक्के, संगीन आणि तलवारीच्या मिळून एक टक्काही नाही. पण यावरून तोफ निकामी होती असं म्हणू नका, तोफेचा डबा (लोखंडी गोळ्या भरलेला) पंधरा-वीस पावलांवर ज्याला लागला तो इस्पितळाच्या वहीत येतच नाही.

एक गंमत सांगतो. उत्तरेचा सिकल्स नावाचा जनरल, २ जुलैला तोफगोळ्याने उजवा पाय गेला, तर त्याने पायाचं हाड लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयाला पाठवून दिलं आणि पुढे बरीच वर्षं जाऊन बघून यायचा. ते हाड अजून आहे. लेटरमन नावाच्या लष्करी डॉक्टरने रुग्णवाहिकांची जी शिस्त लावली होती तिच्यामुळे उत्तरेचे बहुतेक जखमी लढाई संपेपर्यंत मैदानातून उचलले गेले होते. यावर कुणी नियम करत नाही टेबलावरच्या खेळांत.

रिकामटेकडा_कोथरूड:

काय जबरदस्त माहिती येतेय. मित्राला लिंक पाठवली, तो म्हणतो बंदुकीचं २०० यार्ड मान्य पण मग पिकेटची माणसं मारली कुणी. तोफा राहिल्यात काका. आणि गॅटलिंग.

तोफखानेवाला:

गॅटलिंग नाही. पेटंट नोव्हेंबर १८६२ चं, गेटिसबर्गला एकही नव्हती, युद्धात मोजक्या वापरल्या त्या १८६४ मधे पीटर्सबर्गकडे. मित्राला सांग कपाटात ठेव.

सात गोळ्यांची स्पेन्सर होती पण थोड्यांकडे. ३ तारखेला मुख्य हल्ल्यापासून दूर पूर्वेला घोडदळाची लढाई झाली, तिथे उत्तरेच्या कस्टरच्या मिशिगनवाल्यांतल्या पाचव्या रेजिमेंटकडे आणि सहाव्यातल्या काहींकडे स्पेन्सर रायफली होत्या. पहिल्या दिवशी सकाळी ब्यूफर्डच्या घोडदळाने दक्षिणेच्या पायदळाला तासन्‌तास अडवलं त्यांनाही लोक स्पेन्सर देऊन टाकतात, ते चुकीचं आहे. त्यांच्याकडे शार्प्ससारख्या मागून भरायच्या पण एकेका गोळीच्या कार्बाइन होत्या. मागून भरता येते म्हणजे आडवं पडून, झाडामागून, मिनिटाला आठ-दहा बार, एवढा फरक पुरेसा होता.

गडग्यामागे चौदाव्या कनेक्टिकटच्या दोन कंपन्यांकडे शार्प्स होत्या. एक जण बार टाकतोय, दुसरा भरून देतोय, नळ्या तापल्या म्हणून वर प्यायचं पाणी ओततायत, जुलैच्या उन्हात. त्यांच्या जवळच बारावं न्यू जर्सी, त्यांच्याकडे उलट जुनाट गुळगुळीत नळीच्या ०.६९ च्या बंदुका, एका बारात एक मोठी गोळी आणि तीन छर्रे. काहींनी आदल्या रात्री काडतुसं फोडून नुसत्या छर्ऱ्यांचे बार बांधले, आणि शत्रू अगदी जवळ येईपर्यंत चाप ओढला नाही. पन्नास यार्डांवर त्या जुन्या बंदुकीने जे केलं ते कुठल्याही रायफलीच्या वरचढ होतं. म्हणून मी म्हणतो पल्ल्याच्या मागे लागू नका. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाच्या रेजिमेंटने तर आदल्या दिवशी मैदानात पडलेल्या बंदुका गोळा करून, भरून, शेजारी टेकवून ठेवल्या होत्या.

आता तोफा. दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेच्या दीडशेच्या वर तोफांनी मारा सुरू केला, उत्तरेचं तोंड बंद करून मग पायदळ पाठवायचं असा बेत. बहुतेक मारा डोक्यावरून मागे गेला. धुरात गोळा कुठे पडतोय ते दिसेना, नेम उंच राहिला, आणि दक्षिणेचे फ्यूज बेभरवशाचे. फ्यूज म्हणजे गोळा हवेत कधी फुटायचा ते ठरवणारी वात. रिचमंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मार्च १८६३ मधे मोठा स्फोट झाला होता, त्यात काडतुसं भरणाऱ्या कितीतरी मुली गेल्या, त्यानंतर बराच माल दुसऱ्या ठिकाणांहून यायला लागला आणि त्या वाती वेगळ्या वेगाने जळायच्या असं सांगतात. मी त्या कामात होतो म्हणून सांगतो, वात एका सेकंदाने उशिरा जळली तर गोळा तीन-साडेतीनशे मीटर पुढे जाऊन फुटतो. पुढची रांग शाबूत, मागे स्वयंपाकी आणि घोडी मेली.

उत्तरेचा तोफखान्याचा प्रमुख हंट, माझ्या मते त्या तीन दिवसांतला सगळ्यात शहाणा माणूस. त्याने मधेच आपल्या तोफा बंद करायला लावल्या, गोळे वाचवायचे आणि शत्रूला वाटू द्यायचं की तोफा गेल्या. दक्षिणेच्या तोफा सांभाळणारा अलेक्झांडर फसला, त्याने पिकेटला चिठ्ठी पाठवली की आता निघा. पिकेटचा वरिष्ठ लाँगस्ट्रीट, त्याला हल्ला मुळात नको होता, त्याच्या तोंडून हुकूमसुद्धा निघेना, नुसती मान हलवली.

माणसं झाडीतून बाहेर आली आणि मग बघ, लांबचं काम आट्यांच्या तोफांनी केलं. तीन इंची ऑर्डनन्स रायफल, घडीव लोखंडाची, पेन्सिल्व्हेनियातच बनलेली, हलकी आणि अचूक. पॅरट तोफ बिडाची, बुडाला लोखंडी पट्टा, ती कधीकधी फुटायची म्हणून तोफचीच घाबरून असायचे. लिटल राउंड टॉपवरून पॅरट रांगेवर बाजूने मारत होत्या, म्हणजे गोळा चुकला तरी रांगेत कुठेतरी पडणारच. जवळ आल्यावर बारा पौंडी नेपोलियन, कांस्याची, गुळगुळीत नळी, मॉडेल १८५७. तिचा कॅनिस्टर म्हणजे पत्र्याचा डबा, आत २७ लोखंडी गोळ्या, ४०० यार्डांच्या आत वापरायचा. अगदी जवळ आले की दोन डबे एकदम. तोफेला झटका जिरवायची सोय नाही, प्रत्येक बाराला गाडा मागे उडतो आणि माणसांनी तो ढकलून परत जागेवर आणायचा, परत नेम. कुशिंग नावाचा बावीस वर्षांचा पोरगा, दोन जखमा झालेल्या, तरी तोफ गडग्यापर्यंत पुढे ढकलून मारत राहिला, तिथेच गेला. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं २०१४ ला.

म्हणजे मित्राला उत्तर असं, लांबून तोफांनी रांगा पातळ केल्या, मग रस्त्याच्या कुंपणांनी थांबवलं, आणि थांबलेल्या माणसांना दोनशे यार्डांच्या आत बंदुकांनी मारलं. निम्म्याहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली.

सोनल_सहकारनगर:

मी कुठेतरी वाचलं होतं की लढाईनंतर सापडलेल्या बंदुकांत एकावर एक गोळ्या भरलेल्या होत्या, ते खरं आहे का अतिशयोक्ती?

तोफखानेवाला:

खरं आहे. लढाईनंतर मैदानातून २७ हजारांहून जास्त बंदुका गोळा करून वॉशिंग्टनला पाठवल्या, त्यातल्या निदान २४ हजार भरलेल्या, त्यातल्या निम्म्यांत दोन-दोन बार आणि पाव हिश्श्यात तीन ते दहा. एकीत २३ निघाले. काही लोक याचा अर्थ लावतात की शिपायांना माणूस मारायचा नव्हता म्हणून नुसतं भरल्याचं नाटक करत होते. मला ते पटत नाही. शेजारी पाचशे बार वाजतायत, आपली टोपी फुसकी गेली की बार उडाला हे कानाला कळतच नाही, धक्का बसल्यासारखा वाटतो, हात आपोआप पुढच्या काडतुसाकडे जातो. टोपी बसते त्या निप्पलमधे काजळी अडकली असेल तर मग दहा वेळा भरा, काही उडणार नाही. आणि टोपी बसवायचीच विसरणारे होतेच.

हाडवैद्य:

सहमत. घाबरलेल्या माणसाचे हात पाठ केलेलं काम करत राहतात, आम्ही इमर्जन्सीत नव्या पोरांचं हेच बघतो.

रिकामटेकडा_कोथरूड:

काका एवढं सगळं नियमात कसं बसवू 😅 तरी लिहून घेतलंय, बंदूक २०० यार्ड, पहिल्या फैरीनंतर वजावट, कॅनिस्टर ४०० च्या आत, स्पेन्सर फक्त मिशिगनला, गॅटलिंग कपाटात, आणि फास्यावर एक आला तर बंदूक दोनदा भरली गेली असं धरून त्या तुकडीचा पुढचा डाव बाद. पाऊण मैल, म्हणजे १.२ किलोमीटर, म्हणजे किती ते बघायला काल गुडलक चौकातून ज्ञानेश्वर पादुका चौकापर्यंत चालत गेलो, ढोबळमानाने तेवढंच असावं, कानाला हेडफोन लावून सावलीतून जाऊनही बराच वेळ लागला. आता शेवटचा प्रश्न, ते एमिट्सबर्ग रस्त्याचं कुंपण कसं होतं? आमच्याकडे काटेरी तारेचं तयार मिळतंय ते चालेल का?

तोफखानेवाला:

काटेरी तार अजिबात नको, तिची अमेरिकेतली पेटंटं १८६७ पासूनची. तिथे लाकडी खांब जमिनीत पुरून त्यात आडव्या फळ्या बसवलेलं भक्कम कुंपण होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. ढकलून पडेना म्हणून माणसं चढून जायला लागली आणि चढलेला माणूस म्हणजे समोरच्याला आयता नेम. खूप जण दोन कुंपणांच्या मधे रस्त्यातच आडवे पडून राहिले, तिथून पुढे गेलेच नाहीत. तेव्हा नियम असा कर की प्रत्येक कुंपणाला आख्खा एक डाव खर्च, आणि दुसऱ्या कुंपणाआधी धीर टिकतो का याचा फासा टाकायचा. काड्या आइस्क्रीमच्या घेऊ नकोस, त्या फार रुंद असतात, उदबत्तीच्या काड्या घे आणि फिकट राखाडी रंग मार, जुनं लाकूड उन्हात तसंच दिसतं.

पेठेतला:

उदबत्तीच्या काड्या बोहरी आळीत झाडूवाल्याशेजारच्या दुकानात किलोवर मिळतात, कोथरूडात पाकिटाचे पैसे घेतील. आणि रविवारी नुसतं बघायला यायचं असेल तर कुठे यायचं?